परतीची धून कुणाची

मी आसेगाव सोडलं ते बँडच्या टेम्पोत बसून. त्या दिवशी अब्बांना मंगरूळपीरला लग्नाची ऑर्डर होती, टेम्पो तसाही जाणारच होता, मग पोरीसाठी वेगळी गाडी कशाला बघायची? मी मोठ्या ढोलाच्या खोळीवर बसले, माझी बॅग दोन ट्रम्पेटांच्या मध्ये, आणि समोर लाल कोट घालून, सोनेरी झालरी सांभाळत आठ माणसं. गावातल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. किसनकाका ताशा वाजवायचे, अब्बांचे पंचवीस वर्षांचे जोडीदार. त्यांनी अब्बांना चिडवलं, "मास्तर, पोट्टी चालली न, वाजवा काही."

अब्बांनी क्लॅरिनेटची पेटी मांडीवरून हलवलीसुद्धा नाही. म्हणाले, "कायले? ते का सासरी चालली? शिकाले चालली. वापस येईन."

मंगरूळपीरच्या स्टँडवर मला उतरवून ते वाजवायला गेले. मी वाशिमची एसटी पकडली आणि तिथून पुण्याची ट्रॅव्हल्स. या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. ईदला जाते, लग्नाकार्याला जाते, चार दिवस राहून येते. याला वापस येणं म्हणत नाहीत हे मलाही कळतं.

आसेगावच्यांनो, तुम्हाला ती धून माहीत आहे. पण हे वाचणाऱ्यांमध्ये इतर गावची माणसंही असतील, म्हणून सांगते. हमीद मास्तरांचा बँड लग्नात सगळं वाजवायचा, नवा सिनेमा आला की पंधरा दिवसांत त्याची गाणी तयार. पण पाठवणी झाली, नवरीची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, की एक फार वाईट वेळ येते. मांडवात कुणी हलत नाही. नवरीची आई रस्त्याकडे बघत उभी असते आणि तिला आत चल म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. अशा वेळी बाकीचे बँड सामान आवरतात. आमचा बँड एक छोटीशी धून वाजवायचा. अब्बांचं क्लॅरिनेट आणि किसनकाकांचा ताशा, तोही काड्यांनी नाही, बोटांनी. मिनिटभर. ती वाजली की बाया पदर सावरायच्या, कुणी पाण्याचा पिंप उचलायचं, आणि आई घरात जायची. हिला आम्ही परतीची म्हणायचो. कुणी सांगत नसे, तरी वाजवायची. आणि जिच्यासाठी एवढा सोहळा झाला तिनं ती कधीच ऐकलेली नसायची, कारण ती गेलेली असायची.

मी बँडमास्तरची मुलगी, त्यामुळे शेकडो वेळा ऐकली. लहानपणी मला तिचा कंटाळा यायचा, कारण तिच्यानंतर जेवण मिळायचं आणि ती लवकर संपावी असं वाटायचं.

मला रॉक आवडतो हे ऐकून माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना आजही गंमत वाटते. त्यांना वाटतं आम्ही तिकडे नुसते पोळ्याचे बैल बघत बसतो. मंगरूळपीरच्या मोबाईल दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. जुनी गाणी, नवी गाणी, कव्वाली, आणि शेवटी 'इंग्लिश' नावाचा एक फोल्डर, जो कुणी उघडत नसे. मी उघडला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं आमचा स्पीकर फाटला. बंद केलं. दुसऱ्या दिवशी अब्बांना ऐकवलं, म्हटलं दुकानदारानं खराब कार्ड दिलं. अब्बांनी कान लावून पूर्ण ऐकलं आणि सांगितलं, "स्पीकर नाई फाटला. तो मुद्दाम तसा वाजवून राह्यला. पण सुरात हाये." गिटारच्या फाटक्या आवाजाचं याच्यापेक्षा बरं समीक्षण मी नंतर कुठल्याही मासिकात वाचलं नाही.

तेव्हापासून मी फॅन झाले. फॅन म्हणजे नुसतं आवडणं नाही, फॅन म्हणजे हिशोब ठेवणारा माणूस. कुठल्या सिनेमानं शेवट बदलला, कुठल्या मालिकेनं कादंबरीतली म्हातारी गाळली, कुठल्या बँडनं तिसऱ्या अल्बमनंतर माती खाल्ली, सगळं माझ्या डोक्यात आहे आणि मी काहीच माफ करत नाही. हल्ली आमच्या भागावर मालिका निघतात. सगळ्यांत एकच पिवळट उजेड, एकच भेगाळलेली जमीन, आणि पुण्याचे नट दर वाक्यात 'बे' घालून आपण वऱ्हाडी झालो असं समजतात. आमच्याकडे सोयाबीन हिरवंगार असतं त्या दिवसांत कॅमेरा घेऊन कुणी येतच नाही. आमच्याकडची माणसं विनोद करतात, सिनेमाची तिकिटं काढतात, सुनेशी मोबाईलवरून भांडतात, हेही कुणाला दिसत नाही.

पुण्यात कॉलेजात मला अनिश भेटला. त्याचा बँड होता आणि तो गिटार खरंच चांगली वाजवायचा. हे मी आजही नाकारणार नाही, कारण खोटं बोलून सूड घेण्यात मजा नाही. मी त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायचे. त्याच्यावर माझं प्रेम होतं का, असं रुहीनं, माझ्या धाकट्या बहिणीनं, एकदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. ते खोटं होतं.

रुहीच्या लग्नाला मीच त्याला आसेगावला घेऊन आले. मीच. हा शब्द मी दोनदा लिहिते, म्हणजे राग कुणावर किती आहे ते वाचणाऱ्याला कळेल. अम्मीनं त्याला शेजारी बसवून वाढलं, किसनकाकांनी त्याला ताशा धरायला शिकवला, अब्बांनी त्याला क्लॅरिनेटच्या पट्ट्या समजावल्या. रुहीची गाडी गेली. आपल्याच मुलीच्या पाठवणीला अब्बांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं, किसनकाकांनी बोटं ताशावर ठेवली, आणि परतीची वाजली. अम्मी आत गेली. मी तिच्या मागे गेले. मागे वळून बघितलं तर अनिश मोबाईल धरून उभा होता. मला म्हणाला, किती रॉ आहे हे. मला तेव्हा अभिमान वाटला, काय सांगू.

मग त्याचं माझं जे व्हायचं ते झालं, म्हणजे काहीच झालं नाही. त्याचा बँड मोठा झाला. किसनकाका एका थंडीत गेले. गावात डीजेच्या गाड्या आल्या आणि लाल कोट पेटीत गेले. अब्बांचे कान आयुष्यभर ट्रम्पेट आणि ढोलाच्या मध्ये उभं राहून हळूहळू गेले. आता त्यांना जवळ जवळ काहीच ऐकू येत नाही. आमचं बोलणं असं चालतं, मी मोबाईलवर लिहून पाठवते, ते वाचतात, आणि उत्तर बोलून पाठवतात. आपला आवाज केवढा निघतो हे त्यांना कळत नाही, म्हणून त्यांचा निरोप ऑफिसात लावला की चार टेबलांवरची माणसं माना वर करतात.

ऑफिसचं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मी मालिकांच्या पडद्याखालच्या ओळी लिहिते. नुसते संवाद नाही, आवाजसुद्धा. दार करकरतं. दूरवर कुत्रा भुंकतो. तणावपूर्ण संगीत. अब्बांचे कान गेले त्याच वर्षी मी हे काम धरलं, आणि हे मी मुद्दाम केलं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक नवी मालिका आली. वऱ्हाडातल्या एका कादंबरीवरून केलेली. ती कादंबरी मी शाळेत असताना वाचली होती आणि तिच्यातला बँडमास्तर मला अब्बांसारखा वाटायचा, कमी बोलणारा, शिस्तीचा. मालिकेत त्याला दारुडा केला होता. तो पडतो, माणसं हसतात. मी दात ओठ खात 'हशा' असं टंकत होते. मग शीर्षकगीत सुरू झालं. गिटार फाटक्या आवाजात, ड्रम धाडधाड, पडद्यावर एक माणूस कुऱ्हाड घेऊन वाड्यात शिरतो आहे. आणि खाली परतीची. सूर न सूर परतीची. श्रेयनामावलीत 'मूळ संगीत' म्हणून अनिशचं नाव.

मुलगी गेलेल्या आईला घरात नेणारी धून याने खुन्याला घरात नेण्यासाठी वापरली. मी हेडफोन काढून ठेवला आणि जिन्यात जाऊन रडले. मग तोंड धुऊन परत आले. मला सूड हवा होता, आणि तो कसा घ्यायचा हे तोंड धुतानाच सुचलं होतं.

आमच्या ऑफिसची एक नियमांची पुस्तिका आहे. त्यात लिहिलंय की वाजणारं गाणं ओळखीचं असेल तर नुसतं 'संगीत' लिहू नये, गाण्याचं आणि कर्त्याचं नाव द्यावं. मी नियमाने चालणारी बाई आहे. शीर्षकगीताखाली मी लिहिलं, 'आसेगावच्या हमीद मास्तरांची परतीची धून, इलेक्ट्रिक गिटारवर'. तपासणाऱ्यांनी नियम पाहिला, नाव दिलेलं पाहिलं, आणि पुढे पाठवलं. मालिका दर आठवड्याला एक भाग अशी येत होती. प्रत्येक भागात शीर्षकगीत, प्रत्येक शीर्षकगीताखाली अब्बांचं नाव.

तिसऱ्या आठवड्यात लोकांचं लक्ष गेलं. ती ओळ असलेले फोटो फिरायला लागले. एका मुलाखतीत अनिशला विचारलं, हे हमीद मास्तर कोण? तो हसला आणि म्हणाला, ती लिहिणाऱ्याची काहीतरी चूक असेल, ही धून मला एका संध्याकाळी अशीच सुचली. ती मुलाखत मी सात वेळा पाहिली. त्याचं हसू दुसऱ्या वेळी जरा कमी झालेलं दिसतं, कारण विचारणाऱ्यानं पुन्हा विचारलं. मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

घरी मी काही सांगितलं नव्हतं. रुही माहेरी आली होती, तिला म्हटलं दुपारी अब्बांना टीव्हीसमोर बसव, पहिला भाग लाव, खालच्या ओळी चालू कर. आणि मी निरोपाची वाट बघत बसले. आला. साडेचार मिनिटांचा. या वेळी मी तो जिन्यात जाऊन ऐकला.

"नसीम," अब्बा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणत होते, "नाव वाचलं माहं. तूनं लिवलं, मले समजलं. तुह्या मायनं टाळ्या वाजवल्या. पण बेटा, चुकलं. हे धून माही नाई. किसनची हाये."

पुढे ते जेवढं बोलले, तेवढं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. किसनकाकांच्या सुमीचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. सुमीची गाडी गेली आणि किसनकाका ओट्यावर बसून राहिले. कुणाचं ऐकेनात. ताशा मांडीवर होता, त्यावर बोटं आपोआप चालत होती आणि ते नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होते. अब्बांनी क्लॅरिनेट काढलं आणि त्या गुणगुणण्याच्या मागे मागे गेले. दोन वेळा फिरवली, आणि किसनकाका उठून घरात गेले.

"धून त्याची," अब्बा म्हणाले. "मी फक्त फुकली. आपण जिंदगीभर दुसऱ्याचीच गाणी वाजवली, कोणाले इचारलं नाई. पण माही हाये असं कधी म्हटलं नाई. तूनं मले त्या पोट्ट्याच्या लाइनीत काहून बसवलं?"

निरोप संपला.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी लाज वाटली. लहानपणापासून मी ती धून ऐकली आणि ती कुणी बांधली हे एकदाही विचारलं नाही. पेटी अब्बांची, बँडवर नाव अब्बांचं, म्हणून धूनही अब्बांची धरली. आणि लाजेच्या मागोमाग राग आला, अब्बांचाच. कारण आता नाव बदलायचं म्हणजे अनिशच्या हातात कोलीत देणं. कालपर्यंत हमीद, आज किसन, यांना स्वतःलाच माहीत नाही, असं तो म्हणणार हे मला दिसत होतं. दोन भाग उरले होते. मी गप्प बसले असते तर माझा सूड पुरा झाला असता. किसनकाका तर आता काही म्हणायला येणार नव्हते.

दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी किसनकाका आठवले, टेम्पोत समोर बसलेले. मला वाजवून निरोप द्या असं म्हणणारा त्या टेम्पोत तो एकच माणूस होता.

मी दुरुस्तीचा अर्ज भरला. आधीच्या सगळ्या भागांसाठी आणि उरलेल्या दोन्हींसाठी. चूक कुणाची या रकान्यात माझं नाव लिहिलं. आणि नवी ओळ दिली, दोन ओळींत मावेल अशी: 'धून: किसन ताशेवाले, आसेगाव. लेकीच्या पाठवणीनंतर बांधलेली. क्लॅरिनेट: हमीद मास्तर.' दुरुस्ती लागली. मग साहेबांनी बोलावून विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला मालिकांवरून काढून स्वयंपाकाच्या कार्यक्रमावर टाकलं. आता मी 'तेल तडतडतं' आणि 'झाकण ठेवण्याचा आवाज' असं लिहिते. अनिश अपेक्षेप्रमाणे बोललाच, की बघा, यांचं यांनाच ठरवता येत नाही. बोलू दे. आता त्या ओळीत गाव आहे, दोन माणसं आहेत आणि लेकीची पाठवणी आहे. त्याच्याकडे फक्त एक संध्याकाळ आहे. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्याचा पुढचा अल्बम आला की मी तो नीट, मन लावून, कान टवकारून ऐकणार आहे.

शेवटचा भाग आला त्या रविवारी दुपारी अब्बांनी किसनकाकांच्या बायकोला, शांताकाकूंना, घरी बोलावलं. अम्मीनं मला व्हिडिओ कॉल लावला. अम्मीच्या हातात फोन असला की मला निम्मा वेळ छतच दिसतं, पण त्या दिवशी तिनं बऱ्यापैकी धरला होता. टीव्हीसमोर अब्बा आणि काकू शेजारी शेजारी खुर्च्यांवर. काकूंना वाचता येत नाही. अब्बांना ऐकू येत नाही.

शीर्षकगीत लागलं. अब्बांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, "धून, किसन ताशेवाले, आसेगाव." काकूंनी पडद्याकडे बघितलं, गिटारचा तो दणका ऐकला आणि मान हलवली. "हे नाई," त्या म्हणाल्या. अब्बांना ते ऐकू गेलं नाही. ते पुन्हा वाचत राहिले.

मला वाटलं, सगळं वाया गेलं. पण अनिशनं शेवटच्या भागात एक गोष्ट केली होती, जी मलाही माहीत नव्हती, कारण तो भाग माझ्याकडे आलाच नाही. का केली ते तोच जाणे. नावं खाली सरकायला लागली आणि गिटार थांबली. ड्रम थांबले. आणि रुहीच्या लग्नात मोबाईलवर धरलेला तो आवाज तसाच्या तसा सुरू झाला. मागे मांडवातली भांडी, कुणाचं तरी खोकणं, अब्बांचं क्लॅरिनेट, आणि खाली ताशावर बोटं.

काकूंनी अब्बांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत, त्यांच्या मनगटावर बोटांनी तोच ठेका धरला. अब्बांनी आधी काकूंच्या हाताकडे बघितलं आणि मग पडद्याकडे. मग काकू अम्मीला म्हणाल्या, "हे बोटं त्याईचे हायेत."

मिनिटभर वाजली. संपली. काकू उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि अम्मीच्या आधी आत गेल्या, चहा ठेवते म्हणाल्या. अब्बाही उठले आणि त्यांच्या मागे गेले. अम्मी फोन खुर्चीवर ठेवून आत गेली, कॉल बंद करायचं विसरली. मला छत दिसत होतं, आमच्या घराचं, आणि आतून कपबशांचा आणि अब्बांच्या मोठ्या आवाजाचा गोंधळ ऐकू येत होता.

जी जाते तिला परतीची ऐकू येत नाही, असा आमच्याकडचा नियम. माझ्या वेळी तर अब्बांनी ती वाजवलीच नव्हती, कारण मी वापस येणार होते. दहा वर्षं उशिरा का होईना, वाजली. घरातली सगळी माणसं आत गेली. मी तो कॉल बराच वेळ तसाच चालू ठेवला.